पलंगाखालची मेणबत्ती

धाकटीने बावीस वर्षं इस्त्री केली. घरची नव्हे, परक्यांची. हॉटेलांचे आणि दवाखान्यांचे कपडे धुणारी एक मोठी लॉन्ड्री होती. तिच्या मागच्या दालनात अठरा टेबलं, अठरा इस्त्र्या आणि छताला दोन पंखे होते, त्यातला एक नुसताच लटकलेला. धाकटीकडे डॉक्टरांचे पांढरे कोट असत. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या आणि शेवटी पाठ. दिवसाला शंभरेक कोट हातांखालून जात. घरी परतेपर्यंत पोटऱ्यांचे दगड झालेले असत आणि डोळ्यांसमोर सगळं पांढरं पांढरं दिसे.

तापलेल्या वस्तूची भीती तिला केव्हाचीच उरली नव्हती. ओलं बोट इस्त्रीच्या तव्याला टेकवून ती ताव ओळखायची. मनगटावर चटक्यांचे जुने डाग होते, त्यांची तिने मोजदाद सोडून दिली होती. घरी उकळत्या चहाचं भांडं चिमट्याशिवाय उचलायची. शेजारणी बघत राहायच्या. धाकटीला त्यात काही विशेष वाटत नसे.

घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे धुवायची मोरी. घरात माणसं तीन. धाकटी, तिचा नवरा आणि थोरली. थोरली म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको. भाऊ नऊ वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नव्हतं, थोरली इथेच राहिली. धाकटीची एकुलती मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. सकाळी जायचा तो अंधार पडता पडता ग्रीस माखून यायचा. घर सांभाळायची ती थोरली. दोघी जावा एका चुलीवर इतकी वर्षं राहिल्या, तर अधूनमधून भांड्याला भांडं लागणारच. पण त्या वर्षी लागलं ते जरा जास्तच.

निमित्त एका चादरीचं. मुलीने पाठवलेली पांढरी, बारीक कशिद्याची चादर थोरलीने लाल फडक्यांबरोबर भिजत घातली. चादर गुलाबी झाली. धाकटी कामावरून दमून आली होती. तिने चादर उलगडून बघितली आणि एवढंच म्हणाली, "दिवसभर घरी असून एवढंही बघता येत नाही."

थोरलीने ते ऐकलं, हातातला चमचा ओट्यावर ठेवला आणि तोंडाला कुलूप घातलं. मग धाकटीनेही घातलं. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. बोलायचं असलं की नवऱ्याच्या खांद्यावरून बोलायचं.

"तिला सांगा, दूध तापवून ठेवलंय," थोरली म्हणे. धाकटी चार हातांवर बसलेली असे.

"त्यांना सांगा, मला नकोय," धाकटी म्हणे.

नवरा बिचारा घास तोंडात तसाच धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघे. "मी काय टपालवाला आहे का?" असं त्याने एकदा विचारून बघितलं. त्यानंतर तो जेवण लवकर उरकून बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागला.

त्यातच पलंगाला ढेकूण झाले. धाकटीचा पलंग जुना, लाकडी, सांध्यासांध्यांत चिरा पडलेला. दिवसभर उभं राहायचं आणि आडवं झालं की चावे सुरू. अंगावर गांध्या उठत. तिने गादी उन्हात टाकली, पावडर फवारली, काही फरक पडला नाही. लॉन्ड्रीत उभ्या उभ्या डोळा लागू लागला. एकदा एका कोटाच्या खिशावर इस्त्री तशीच राहिली आणि तपकिरी त्रिकोण उठला. मुकादमीण चांगली बाई होती, ओरडली नाही. "घरी काही आहे का?" एवढंच तिने विचारलं.

"ढेकूण आहेत," धाकटी म्हणाली.

मुकादमीण हसली. धाकटीला हसायलाही जमलं नाही.

तिची आई मेणबत्तीने ढेकूण मारायची. पलंगाच्या खाचेखाचेतून ज्योत फिरवायची, आत दडलेले ढेकूण तडतडायचे. लहानपणी धाकटी शेजारी बसून बघायची. सुट्टीच्या दिवशी आपणही तेच करायचं, असं तिने ठरवलं. ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं, आणि सांगणार तरी कुणाला?

सुट्टी बुधवारी असे. त्या बुधवारी तिला सर्दीने बेजार केलं होतं. नाक पार चोंदलेलं, डोकं जड. सकाळी ती भाजी आणि सर्दीच्या गोळ्या आणायला बाहेर पडली, रांगेत उभी राहिली, दोन तासांनी परतली. दोन घास खाल्ले, गोळी घेतली. मग स्वयंपाकघराच्या खणातून मेणबत्ती आणि काड्यापेटी काढली. थोरली तिथेच नळाखाली बादली भरत होती. तिने मान वळवून बघितलं. धाकटीला ते जाणवलं, पण तिने तिच्याकडे पाहिलं नाही. थोरली बादली उचलून मोरीकडे गेली.

धाकटीने गादी भिंतीला उभी केली. पायथ्याकडच्या दोन सांध्यांतून ज्योत फिरवली. तडतड झाली तसं तिला जरा बरं वाटलं. भिंतीकडची बाजू अंधारी होती आणि पलंग एकटीने सरकेना. म्हणून ती जमिनीवर कुशीवर झाली आणि मेणबत्ती धरलेला उजवा हात पलंगाखाली लांबवला. अंगात गुळगुळीत, पातळ, लांब बाह्यांचा गाऊन होता. घरात वापरायला हलका पडतो म्हणून ती तोच घालायची.

पलंगाखाली भपकन उजेड झाला. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ज्योत सांध्यावरून सापासारखी सरसरत गेली. बाही आक्रसली. ती जळाली म्हणण्यापेक्षा वितळली आणि कातडीला चिकटली. हात मागे ओढला तर आग हाताबरोबर बाहेर आली. ती किंचाळली की नाही हे तिला नंतरही सांगता येईना. मग तिच्या अंगावर धप्पकन काहीतरी थंड, ओलं, जड पडलं. थोरली मोरीतून पिळे सोडून धावत आली होती. एक ओली चादर तिने धाकटीच्या हातावर गुंडाळली, दुसरी पलंगावर फेकली आणि वर बादली उपडी केली. खोलीभर धूर आणि पाणी झालं.

थोरलीने तिला बखोटीला धरून मोरीत नेलं आणि हात नळाखाली धरला.

"काढू नकोस हात," ती म्हणाली. "पाण्यातून काढू नकोस. मी सांगेपर्यंत काढायचा नाही."

एकोणीस दिवसांत त्या एकमेकींशी बोललेले हे पहिले शब्द. धाकटीच्या ते ध्यानातही आलं नाही. ती थरथरत होती, आणि मागून थोरलीने तिला घट्ट धरून ठेवलं होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेजारीण धावत आली, तिने रिक्षा बोलावली, आणि मदत म्हणून अर्धी ट्यूब टूथपेस्ट हातभर फासली. कुणी नको म्हणायच्या आत ते होऊन गेलं.

दवाखान्यात ड्रेसिंगची सिस्टर होती. पन्नाशीची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिने हात बघितला आणि थकल्यासारखा एक श्वास सोडला.

"टूथपेस्ट दातांना लावतात, बाई," ती म्हणाली. "आता ती काढताना तुम्हाला दुखणार आणि शिव्या मला पडणार." मग जरा हलक्या आवाजात, "पाण्याखाली धरला होता का?"

"धरला होता," थोरली म्हणाली.

"कुणी धरला?"

"मी."

"ते चांगलं केलंत. नाहीतर अजून खोल गेलं असतं."

थोरलीने मान खाली घातली. कौतुक झाल्यावर माणूस असा दिसत नाही, हे धाकटीच्या त्याही अवस्थेत नजरेला आलं. पण विचार करायला डोकं ठिकाणावर नव्हतं.

मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली होती. हाताची पाठ आणि करंगळीकडची दोन बोटं सगळ्यात वाईट. पुढे मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागली. धाकटी पंधरा दिवस दवाखान्यात होती आणि नंतर दिवसाआड पट्टी बदलायला येत राहिली. पट्टी सुटताना ती छताकडे बघायची. सिस्टर हाताने काम करत आणि तोंडाने बोलत राहायची, म्हणजे समोरच्याचं लक्ष दुसरीकडे जाईल.

"त्या खाटेवरच्या आजोबांनी गॅस गळतोय का ते काडी पेटवून बघितलं," ती म्हणायची. "गळत होता. आणि ती पोरगी, तिला कॉलेजला उशीर होत होता, ओले मोजे शेगडीवर धरून वाळवत होती. परवा एक जण आला, त्याने दाराचा जुना रंग पेटत्या टेंभ्याने उतरवायला घेतला. दार गेलं, पडदा गेला, भुवया गेल्या. सगळे एकच सांगतात, नेहमी करतो, कधी काही झालं नाही. पंचवीस वर्षं हेच ऐकतेय. मला आता कुणाला काही सांगावंसंच वाटत नाही. मी आपली पट्ट्या बांधते."

घरी सगळंच थोरलीवर पडलं. ती धाकटीला आंघोळ घालायची, वेणी घालायची, बटणं लावायची, घास भरवायची. अबोला कधी मोडला, तो विषय दोघींनीही काढला नाही. बोलणं कामापुरतं होतं. हात वर कर, तोंड उघड, इकडे वळ. धाकटीला लहान मुलासारखं दुसऱ्याच्या हातून खाताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण भूक लागायची आणि घास समोर यायचा.

बघायला येणारी माणसं संपेनात. प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असे आणि सांगायचं काम नवरा करी. तो वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता, आणि घाबरला की त्याची जीभ वाकडी चाले.

"मेणबत्ती घेऊन पलंगाखाली शिरली," तो म्हणे. "चांगली बावीस वर्षं इस्त्रीचं काम केलेली बाई. कुणी सांगितलं होतं? ढेकूण चावून कुणी मेलं नसतं."

पाहुणे मान हलवत. कुणी आपल्या मावशीची गोष्ट काढी, कुणी दिवा लवंडलेल्या शेजाऱ्याची. धाकटी उशीला टेकून गप्प ऐके. तिचं तिलाही पटलं होतं. चूक तिचीच होती. फक्त एकच गोष्ट तिला उमगत नव्हती. आईने इतकी वर्षं मेणबत्ती फिरवली, लाकूड कधी असं पेटलं नव्हतं. ज्योत अशी पळत कशी गेली? आणि नवरा हे बोलू लागला की थोरली उठून स्वयंपाकघरात का जाते?

सहाव्या आठवड्यात एका सकाळी दोघी दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. पुढे अकरा जणांची रांग. भिंतीचा रंग पोपडे धरून सुटत होता. थोरली पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"तुला वास आला नाही का गं?" तिने एकदम विचारलं.

"कसला?"

"त्या दिवशी. खोलीत."

"सर्दी होती ना मला."

थोरली समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "रॉकेल होतं. मी लावलं होतं. तू भाजीला गेलीस तेव्हा. चिंध्या रॉकेलात भिजवून भिंतीकडच्या सांध्यांत कोंबल्या आणि गादी परत घातली."

धाकटीने मान वळवली.

"तू झोपेत खाजवत होतीस. मला पलीकडे ऐकू यायचं," थोरली म्हणाली. "म्हटलं, बोलत नसलो म्हणून काय झालं, ढेकूण तरी मारून टाकू. संध्याकाळपर्यंत ते मरतील, चिंध्या काढून टाकू, तुला कळायचंही नाही."

"आणि मेणबत्ती?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी खणातून मेणबत्ती काढली तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

"होते."

"बघितलं होतंत."

"बघितलं. वाटलं, बॅगेची चेन अडकली असेल, मेण चोळायला घेतली असेल. वाटलं, विचारावं का? तोंडापर्यंत आलं होतं." थोरलीने बंद घट्ट ओढला. बोटाचं टोक पांढरं पडलं. "पण मग आधी मी बोलले असते ना. ते मला नको होतं. तेवढ्यासाठी गप्प राहिले. बादली घेऊन मोरीत गेले."

आतून नंबर पुकारला. त्यांचा नव्हता. धाकटी पुढ्यातल्या पांढऱ्या गुंडाळीकडे बघत बसली. आता संतापावं, ओरडावं, असं काहीतरी व्हायला हवं होतं. पण संतापायलाही अंगात जोर लागतो. तिला नुसती झोप येत होती.

"घरी सांगितलंत का?" तिने विचारलं.

"नाही."

त्यांचा नंबर आला तशी धाकटी एकटीच उठून आत गेली.

राग आला तो तिसऱ्या दिवशी, आणि तोही पाण्याच्या पेल्यावरून. थोरलीने पेला ओठांशी धरला, पाणी जरा हनुवटीवर सांडलं, आणि धाकटीने डाव्या हाताने पेला उडवून लावला. पेला भिंतीपर्यंत गडगडत गेला. "माझा हात गेला," ती म्हणाली. "तुमच्या एका शब्दापायी माझा हात गेला." थोरलीने जमीन पुसली. पुढचे तीन दिवस धाकटी डाव्या हाताने जेवली. अर्धं ताटात, अर्धं मांडीवर. केस न विंचरता बसली. थोरली दारापर्यंत यायची, फणी उंबऱ्याशी ठेवायची आणि परत जायची.

चौथ्या दिवशी नवऱ्याच्या कामावरचा एक सोबती भेटायला आला. नवऱ्याने नेहमीची गोष्ट सुरू केली. मेणबत्ती घेऊन पलंगाखाली शिरली, कुणी सांगितलं होतं, वगैरे. थोरली चहाचे कप घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"भावोजी, पुरे," ती म्हणाली. "पलंगाला रॉकेल मी लावलं होतं. तिला मी सांगितलं नाही. तिला मेणबत्ती काढताना बघितलं, तरी सांगितलं नाही. आता पुढच्या माणसाला सांगाल तेव्हा हे धरून सांगा."

सोबत्याने घाईघाईने चहा संपवला. नवरा बायकोकडे बघत राहिला, मग वहिनीकडे. त्यानंतर त्याने ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही. विचारलं तर "अपघात झाला" म्हणून विषय बदलायचा.

त्या संध्याकाळी धाकटीने उंबऱ्यावरची फणी उचलली आणि थोरलीपुढे जाऊन पाठमोरी बसली. थोरली गुंता सोडवू लागली. गुंता फार झाला होता.

"दुखतंय," धाकटी म्हणाली.

"मग चार दिवस कुणी ठेवला असा?"

"मेणबत्ती माझीच होती, ताई," अर्धा गुंता सुटला तसं धाकटी म्हणाली. "रॉकेल नसतं तरी ती बाही एखाद्या दिवशी पेटलीच असती. सिस्टर म्हणाली, हे असले गाऊन घालून ज्योतीजवळ जायचंच नाही."

"ते तू माझ्यासाठी बोलतेयस."

"नाही. मला अजून राग आहे तुमचा. पण हे पण खरं आहे."

थोरलीची फणी थांबली, मग पुन्हा चालू झाली.

पलंग त्यांनी मोडीत काढला. ढेकूण मात्र मेले नव्हते. ते भिंतीच्या फटींतून थोरलीच्या खोलीत गेले. मग दोघींनी मिळून सगळं बाहेर काढलं, अंथरुणं उकळत्या पाण्यातून काढली, फटी रंगाऱ्याच्या लांबीने बुजवल्या आणि औषध मारायला माणूस बोलावला. त्याला तीनदा यावं लागलं. पाणी थोरलीने उकळलं, धाकटी डाव्या हाताने लांबी भरत होती. दोघींची सगळा वेळ कुरबुर चालू होती. तू जास्त भरतेस, तुम्ही वाकडं भरता.

सिस्टरने सांगितलेला व्यायाम म्हणजे ओला स्पंज मुठीत दाबायचा आणि सोडायचा, दिवसातून सहा वेळा. थोरली समोर बसून मोजायची. पन्नास झाले की धाकटी थांबायची. थोरली म्हणायची, "चाळीसच झालेत." धाकटीला ते खोटं आहे हे माहीत असायचं, आणि ती आणखी दहा दाबायची.

पाचव्या महिन्यात ती लॉन्ड्रीत परत गेली. मुकादमिणीने तिचं टेबल तसंच ठेवलं होतं. धाकटीने इस्त्री उचलली. मूठ पूर्ण मिटेना. कॉलरपर्यंत जमलं, खांद्यावर हात थरथरला आणि गरम वाफ नव्या कातडीला लागताच तिने इस्त्री टाकूनच दिली. इतकी वर्षं चटक्यांना न भ्यालेली बाई भिंतीला टेकून उभी राहिली. अठरापैकी सतरा इस्त्र्या चालत राहिल्या, कुणी मुद्दाम वळून बघितलं नाही. मुकादमीण आली.

"घड्या घालायला बसशील का?" तिने विचारलं. "तिथे निदान बसायला मिळतं."

"बसेन," धाकटी म्हणाली.

आता ती मागच्या बाजूला स्टुलावर बसून चादरींच्या घड्या घालते. दोन बोटं वाकडीच राहिली आहेत, त्यांच्यामुळे घडी जरा तिरकी येते, मग ती डाव्या हाताने दाबून सरळ करते. हळू जमतं, पण जमतं.

शेवटच्या तपासणीला थोरली बरोबर गेली. डॉक्टरने बोटं वाकवून, सरळ करून बघितली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा यायची गरज नाही म्हणाला. बाहेर थोरली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"काय म्हणाले?"

"यापेक्षा जास्त उघडणार नाहीत म्हणाले."

थोरलीने मान हलवली. दोघी बसच्या थांब्यावर आल्या. बस आली ती भरलेली होती, म्हणून त्यांनी सोडली. दुसरीही भरलेलीच होती, तरी त्या चढल्या. आत थोरलीला एक जागा रिकामी होताना दिसली.

"तू बस," ती म्हणाली. "दिवसभर उभी असतेस."

"मी आता बसूनच काम करते, ताई," धाकटी म्हणाली. "तुम्ही बसा."

थोरली बसली. धाकटीने डाव्या हाताने वरचा दांडा धरला आणि डोळे मिटून घेतले.